चारशे सतरा खुंट

उत्तराला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती माझ्याशी भांडत होती. कोपरच्या खाडीकाठच्या समाजमंदिरात मी कोळी बंधुभगिनींना त्यांचे हक्क समजावून सांगत होतो, आणि मागून आवाज आला, "कुंडलिकदादा, आमचे हक्क आम्हांला म्हाईत हायेत. सरकारला म्हाईत नाय. तिकडं जाऊन भाषण करा." सगळ्या बाया हसल्या. मला राग आला. मला राग लवकर येतो, लपवून उपयोग नाही. पण मुलगी खरं बोलली होती.

बाप खाडीत डोल जाळं लावायचा, ती लहान असतानाच गेला. आई डोंबिवलीच्या बाजारात टोपली घेऊन बसायची. उत्तरा बारावीनंतर स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर क्लासला गेली. कोळीवाड्यातली पहिलीच. फीसाठी आईने काय केलं ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. क्लासमध्ये मुलं तिला "मच्छीमार्केट" म्हणायची. वर्षभरात त्याच मुलांच्या चुका ती काढून द्यायला लागली, तेव्हा "उत्तरामॅडम" म्हणायला लागली.

आता गोष्ट ब्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली.

खाडीवर नवा पूल येणार होता. पुलाच्या कामात जुन्या जागा जाणार आणि त्या बदल्यात ठरावीक पट्ट्यात नवे खुंट रोवायला परवानगी मिळणार, असं ठरलं. खुंट म्हणजे खाडीच्या तळात ठोकलेला लाकडी खांब. त्याला जाळं बांधायचं. ज्याचा खुंट, त्याचं घर चालतं. यादी करायला सरकारने एक समिती नेमली. यादीत नाव नाही तर खुंट नाही, आणि एकदा यादी बंद झाली की परत उघडणार नाही. शेवटची तारीख शुक्रवार, वेळ संध्याकाळी पाच.

अर्ज आले चारशे त्रेसष्ट. खरे खुंट चारशे सतरा. बाकीचे अर्ज दोनदा आलेले, कुणाच्या मुलाने भरला, कुणाच्या जावयाने भरला. समितीच्या कॉम्प्युटरने नाव, बापाचं नाव, आडनाव तपासून दुबार नावं उडवली आणि यादी काढली, तीनशे शहाऐंशींची. एकतीस घरं गायब.

कारण सोपं आहे. कोळीवाड्यात पहिल्या नातवाला आजाचं नाव द्यायचं. चार पिढ्या हेच चाललं की एका गावात दोन चंदू नामा आणि पाच नामा कान्हा होतात. सरकारी मशीनला वाटलं, एकच माणूस पाच वेळा हात पसरतोय.

मी समितीच्या सचिवाच्या टेबलावर हात आपटला. त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, "आवाज करून नावं वाढत नाहीत. तुमच्याकडे यापेक्षा चांगली रीत असेल तर आणा. पण प्रोग्रॅम आमच्या मशीनवर, आमच्यासमोर तयार झाला पाहिजे. घरून छापून आणलेली यादी मी घेणार नाही."

उत्तराकडे रीत होती. चार महिन्यांपूर्वी, कोळीवाड्यात अर्ज भरले जात होते तेव्हाच तिनं ती क्लासच्या मशीनवर लिहिली होती. तिचं नाव तिनं ठेवलं होतं 'ओळख'. प्रत्येक अर्जात एक रकाना होता, तुमच्या खुंटाचे शेजारी कोण. दोन अर्जांवर नाव सारखं आलं की 'ओळख' शेजाऱ्यांचे अर्ज उघडून बघायची. शेजाऱ्यांनीही याचं नाव घेतलंय? मग हा खुंट खरा. कुणीच घेतलं नाही? मग अर्ज दुबार. खाडीत खोटं बोलता येतं, पण दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना खोटं बोलायला लावणं कठीण.

शुक्रवारी साडेदहाला आम्ही ठाण्याच्या कचेरीत. मी, उत्तरा, आणि एकतीस घरांच्या वतीने गंगुबाई. गंगुबाईचा नवरा चंदू नामा नारळी पौर्णिमेनंतर महिनाभरात गेला होता. खुंट अजून त्याच्या नावावर. तिला दोन मुली आणि म्हातारी सासू. तो खुंट गेला असता तर तिच्यापुढे काही उरत नव्हतं. ती बाहेरच्या बाकावर पाय वर घेऊन बसली. मशीनच्या खोलीत चपला काढून जायचं होतं आणि दारातून गार वारा बाहेर येत होता, तर म्हणाली, "देवळात पन एवढी थंडी नाय सोडत."

आत एसी, आणि जगन नावाचा ऑपरेटर. पंचविशीतला, शर्टाच्या खिशात दोन पेनं. तो उत्तराला म्हणाला, "मॅडम, हे युनिक्स आहे हां. तुमचं डॉस नाही." मशीन चालवायच्या दोन वेगळ्या पद्धती, एवढंच मला कळलं.

"सी भाषा आहे ना याच्यावर?"

"सी आहे."

"मग झालं."

झालं नव्हतं.

तिनं फ्लॉपीवरच्या फायली मशीनवर चढवल्या. मुख्य प्रोग्रॅम मशीनने वाचला, दोनचार ठिकाणी कुरकुर केली, तिनं दुरुस्त केलं. मी म्हटलं, चला, चहा घेऊ. आणि तेवढ्यात पडदा भरून ओळी खाली धावल्या. अमुक सापडत नाही, तमुक सापडत नाही. चोवीस नावं.

"हे काय?" मी विचारलं.

"लिंकर." उत्तरा पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "दादा, तुम्ही मोर्चाची हजेरी घेता ना? कागदावर नाव असतं आणि तुम्ही विचारता, हा माणूस कुठाय, उभा कर. लिंकर तेच करतो. माझ्या प्रोग्रॅमने ज्याचं ज्याचं नाव घेतलंय, त्याला त्याला समोर आण म्हणतो. चोवीस नावं आहेत, माणसं नाहीत."

"का नाहीत? काल तर होती!"

"काल डॉसवर होती."

तिनं यादी कागदावर उतरवली आणि एकेकावर बोट ठेवत गेली. अकरा नावं होती पडदा पुसायची, रंग द्यायची, चौकट काढायची. ती क्लासने दिलेल्या लायब्ररीतली, म्हणजे तयार फंक्शनांच्या संचातली. ती डॉससाठी बनलेली, इथे तिचा उपयोग शून्य. "यादी छापायला रंग कशाला?" म्हणत तिनं अकरा रिकामी फंक्शनं लिहिली. नाव तेच, आत काही नाही. हाक मारली की फक्त 'हो' म्हणायचं आणि परत जायचं. चोविसाची तेरा झाली.

त्यातली बारा समितीच्या छापील नमुन्याची होती, ती जगनच्या लायब्ररीत होती. तिनं लायब्ररीचं नाव आज्ञेत घातलं. परत तेराच. पुन्हा केलं. तेराच. मी जगनला म्हणालो, "तुझी लायब्ररीच फुटकी आहे. मुद्दाम दिलीस."

"ओ काका, तोंड सांभाळा."

"काका कुणाला म्हणतो रे?"

"दादा, गप बसा!" उत्तरा ओरडली. मग जगनकडे वळली. "सर, तुम्ही कशी जोडता?"

जगनने कीबोर्ड ओढला. "तुम्ही लायब्ररी आधी लिहिलीत. हा एकदाच चालत जातो, मागे वळून बघत नाही. तुमची लायब्ररी आली तेव्हा कुणी काही मागितलंच नव्हतं, म्हणून तो पुढे गेला. आधी मागणारा, मग देणारा." त्याने लायब्ररीचं नाव ओळीच्या शेवटी नेलं. तेराचं एक झालं.

मला जगनची माफी मागायला हवी होती. मी मागितली नाही. चहा मात्र आणला त्याच्यासाठी.

उरलेलं एक नाव होतं 'ओळख'.

आणि इथे एक जुनी चूक उघडी पडली. डोंबिवलीच्या त्या क्लासची पद्धत अशी होती की मुलांनी लिहिलेला मूळ प्रोग्रॅम क्लासच्या मशीनवर राहायचा. घरी न्यायची ती फक्त मशीनने शिजवलेली फाइल, जी मशीनलाच वाचता येते, माणसाला नाही. कारण मूळ बाहेर गेला की दुसऱ्या बॅचची मुलं नक्कल मारतात. उत्तराने मुख्य प्रोग्रॅम नंतर घरी बसून लिहिला, म्हणून तो मूळ स्वरूपात होता. 'ओळख' क्लासमध्ये लिहिलेली. फ्लॉपीवर तिची शिजवलेली फाइल. डॉसवर ती महिनोन्‌महिने बिनतक्रार जोडली जात होती, म्हणून उत्तराला कधी शंकाच आली नाही. युनिक्सने ती फाइल हुंगली आणि सांगितलं, ही कुठल्या जातीची फाइल आहे ते मला कळत नाही.

"साहेब," मी सचिवाला म्हटलं, तो दारात येऊन उभा होता, "तुमच्या मशीनलासुद्धा पहिलं जातच विचारायची सवय."

तो हसला नाही. "सव्वा वाजलाय," म्हणाला.

मी खाली धावलो, एसटीडी बूथवरून क्लासला फोन लावला. सर म्हणाले, "अहो, आज शुक्रवार. आमच्या भागात शुक्रवारी लाइट बंद. सहाला येईल." मूळ प्रोग्रॅम डोंबिवलीत एका बंद मशीनच्या पोटात, आणि आम्ही ठाण्यात.

वर आलो तर जगन उत्तराला हळू आवाजात सांगत होता, "मॅडम, टेन्शन कशाला घेता? अकरा रिकामी लिहिलीत ना, ही बारावी. ओळख रिकामी टाका, लिंकर खूश. यादी छापली जाईल. साहेबांना यादी दिसली की झालं."

"आणि आत काय येईल?"

"येईल ते येईल."

"तीनशे शहाऐंशी येतील," उत्तरा म्हणाली. "तुमचीच यादी, माझ्या नावाने. पडदा पुसणारं रिकामं चालतं सर, त्यात कुणाचा खुंट नाही जात. हे रिकामं ठेवलं तर मी स्वतः सही करून एकतीस घरं बुडवली."

जगन वाईट माणूस नव्हता. त्याला गाडी पुढे सरकवायची सवय होती, एवढंच.

"किती वेळ लागेल परत लिहायला?" मी विचारलं.

"आठवलं तर दोन तास."

ती लिहायला बसली. मी तिच्या मागे उभा राहिलो तर म्हणाली, "दादा, श्वास मानेवर लागतो." मी बाहेर गेलो. गंगुबाईने डबा उघडला होता, तांदळाची भाकर आणि सुका जवळा. कचेरीचा शिपाई नाक मुरडत गेला. ती त्याला म्हणाली, "काय रं, घरी काय फुलं खातंस?" मला एक घास दिला. मी तो हातातच धरून बसलो.

"होल का रं काम?" तिनं विचारलं.

"होईल," मी म्हणालो. खोटं बोललो.

साडेतीनला आतून जगनचा आवाज आला, "जोडलं! जोडलं गेलं!" मी धावलो. पडद्यावर एकही तक्रार नव्हती. लिंकर मुकाट. उत्तराने यादी चालवली, आणि खाली आकडा आला, चारशे अकरा.

जगनने टाळी वाजवली. "बघा, तीनशे शहाऐंशीचे चारशे अकरा!"

उत्तराच्या वहीत लिहिलेलं होतं चारशे सतरा.

"सहा कमी," ती म्हणाली.

"सहाचं काय एवढं?" जगनच्या तोंडून निघून गेलं, आणि मी त्याची कॉलर धरली. खरं सांगतो, धरली. सचिव आत आला, म्हणाला, "यांना बाहेर काढा, नाहीतर सुनावणी रद्द करतो." पाचला दीड तास, आणि मी माझ्या हाताने सगळं पाण्यात घालायला निघालो होतो. उत्तराने माझा हात ओढून सोडवला. सचिवाला म्हणाली, "साहेब, ते बाहेर बसतील. यादी माझी आहे, माझ्याशी बोला." मला म्हणाली, "जा. आणि उठू नका."

वीस वर्षं चळवळ केली, मला कुणी असं बाहेर बसवलं नव्हतं. बसलो.

दहा मिनिटांनी तीच बाहेर आली, हातात कागद. सहा नावं. डोळ्यांत पाणी होतं पण आवाज कोरडा. "मावशी," ती गंगुबाईपुढे उकिडवी बसली, "ह्या सहांत तुझं पन नाव हाय. तुझे दोन्ही शेजारी अर्जात तुझं नावच घेत नाहीत. मी आधी यावर कायतरी केलेलं, शेवटच्या दिवशी, लय घाईत. काय केलेलं ते आठवत नाय. तुझं आणि त्यांचं भांडण हाय का?"

गंगुबाईने तिच्याकडे असं पाहिलं की कोळीवाड्याची पोर असून हे विचारते.

"भांडन कशाला? माजा खुंट रिकामा हाय नं. मानूस गेला त्या खुंटाला वरीसभर जालं बांधत नाय, आनि शेजारी त्या खुंटाचं नाव घेत नाय. मेल्या मानसाला खाडीत हाक मारायची नसते गो. कोनी इचारलं तुजा शेजारी कोन, तर माज्या पलीकडच्याचं नाव सांगतान. तुजा बापूस गेला तवा तू लान होतीस, म्हनून."

उत्तराने हातातला कागद गुडघ्यावर पसरला. मग माझ्याकडे वळली, पण बोलत होती स्वतःशीच. "मधला खुंट म्हणतो, माझ्या अलीकडे हा आणि पलीकडे तो. आणि हा नि तो म्हणतात, आम्ही दोघे एकमेकांचे शेजारी. मधल्याचं नाव दोघंही गाळतात. आणि मधल्याच्या अर्जात मृत्यूची तारीख आहे, वर्षाच्या आतली." तिनं सहाही नावांवर बोट फिरवलं. सगळ्यांपुढे तारीख होती. "हेच घातलं होतं मी. हेच!"

ती आत पळाली. चपला काढायची विसरली.

मी बाकावर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होतो. चार वाजून पाच. चार वीस. आतून एकदा उत्तराचा "अरे देवा" ऐकू आला. नंतर कळलं, घाईत तिनं नव्या फंक्शनला एक नाव दिलं आणि हाक दुसऱ्याच नावाने मारली, लिंकरने परत अडवलं. गंगुबाई पदराचं टोक पिळत होती. चार पस्तीसला प्रिंटर सुरू झाला. तो कर्कश आवाज मला आयुष्यात एकदाच गोड लागला.

चारशे सतरा.

सचिवाने मला आत बोलावलं, पण "हात मागे ठेवा" म्हणाला. मी ठेवले. यादी त्याने वरून खाली पाहिली. घाईचा माणूस नव्हता, आणि ते त्या वेळी छळासारखं वाटत होतं. एका ओळीवर थांबला. "चंदू नामा. इथे दोन आहेत. पहिला ठीक, त्याला दोन शेजारी ओळखतात. या दुसऱ्याला कुणीच ओळखत नाही आणि तुमचं मशीन म्हणतं, खरा आहे. हे मी कसं मान्य करू? या शेजाऱ्यांना बोलवा, त्यांना सांगू द्या."

घड्याळात चार पंचेचाळीस. शेजारी खाडीत, भरतीवर.

उत्तराने दार उघडून गंगुबाईला आत घेतलं. ती सचिवासमोर उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"साहेब, त्यांना आनलात तरी ते बोलनार नाय. वरीस भरायचा हाय अजून."

"मग पुरावा काय?"

"त्यांनी दोघांनी एकमेकांचं नाव घेतलंय नं? मधी एक खुंट हाय हे खाडीत पोरासोराला ठाव. मधी खुंट नसता तर माज्या अर्जात नेमकी तीच दोन नावं कशी आली असती? त्यांचं न बोलनं हाच पुरावा. तुमच्याकडं मानूस गेला की नाव खोडतान. आमच्याकडं नाव जपून ठेवतान, म्हनून घेत नाय."

उत्तराने पडद्यावर तिन्ही अर्ज शेजारी शेजारी लावले. अलीकडचा, पलीकडचा, मधला. मग बाकीच्या पाचांचेही. सहाही ठिकाणी तोच नमुना, तसाच, हुबेहूब. सहा घरं, वेगवेगळ्या वाड्यांतली, एकमेकांशी ठरवून हे करणं शक्यच नव्हतं. सचिव प्रत्येक अर्ज वाचत गेला. सहावा वाचून झाल्यावर त्याने चष्मा काढला.

"हे तुमच्या प्रोग्रॅममध्ये लिहिलंय? अट म्हणून?"

"लिहिलंय," उत्तरा म्हणाली.

त्याने प्रत्येक पानावर सही केली. शेवटच्या पानावर शिक्का मारला तेव्हा पाचला चार मिनिटं होती.

जगनने जाताना उत्तराला विचारलं, "मॅडम, हे मूळ आमच्या मशीनवर राहू देऊ का? पुढे लागेल."

"राहू द्या. पण शेवटची अट कुणी काढायची नाही. काढली तर प्रोग्रॅम चालेल, लिंकर काही बोलणार नाही, आणि सहा घरं जातील. तसं वर लिहून ठेवलंय." आणि फ्लॉपीवर मूळ प्रत घेऊन ती निघाली. क्लासचे सर नंतर खूप चिडले, मूळ बाहेर कसं नेलं म्हणून. तिनं क्लास सोडला. आज कल्याणला तिची स्वतःची छोटी जागा आहे, आणि तिथे मुलं आपलं लिहिलेलं आपल्याबरोबर घरी नेतात.

यादीतल्या चार नावांवर पुढे हरकती आल्या. ती लढाई वेगळी, दोन जिंकलो, दोन हरलो. त्या सहांवर एकही हरकत आली नाही.

नारळी पौर्णिमा झाली, पावसाळा सरला, चंदूचं वर्ष भरलं. गंगुबाईने नव्या पट्ट्यात आपल्या खुंटाला जाळं बांधलं तेव्हा मी काठावर होतो. ओहोटी लागत होती. अलीकडच्या होडीतून शेजाऱ्याने दोन्ही हात तोंडाशी धरून जोरात हाक मारली, "गंगे, दोर सैल हाय गो तुजा!"

"माज्या दोराचं तू नको बगूस," ती ओरडली, आणि दोर आवळायला वाकली.